बाळाच्या टाचेचं रक्त आणि १७-ओएचपी टेस्ट : घरी न्यायच्या आधी करून घ्या

आरवचीआई
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, धागा काढायची ही पहिलीच वेळ, चुकलं तर सांभाळून घ्या. शीर्षकातलं १७-ओएचपी म्हणजे रक्तातलं एक हार्मोन, नवजात बाळाच्या टाचेच्या रक्तातून ते मोजतात. लांबलचक झालंय पण ज्यांच्या घरात येत्या काही महिन्यांत बाळ येणारे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

माझा मुलगा आता सात वर्षांचा आहे. नऊ महिने भरून झाला, वजन तीन किलो शंभर, लगेच रडला, अंगावर प्यायला लागला, तिसऱ्या दिवशी आम्ही घरी. पाचवी पुजली, सटवाईपुढे कोरा कागद आणि पेन ठेवलं. नवव्या दिवसापासून दूध टाकायला लागला. सगळ्या म्हणाल्या बाळं दूध टाकतातच. मलाही तेच वाटलं कारण लंगोट सारखे ओले होत होते, शू भरपूर होतेय म्हणजे पोटात पुरेसं जातंय असा माझा हिशोब, आणि तोच हिशोब उलटा होता हे मला नंतर कळलं. बाराव्या दिवशी बारसं. पाळण्यात घातला, कानात कुर्र केलं, पाठीत धपाटे बसले, हा रडलाच नाही. बायका म्हणाल्या किती शहाणं बाळ आहे गं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालिशवाल्या मावशी आल्या. त्यांनी टाळूवर तेल घातलं आणि थांबल्या. मला म्हणाल्या वहिनी इकडं बघा, तेल उभं राहतंय. टाळू एवढी खोल गेली होती की तेल पसरतच नव्हतं, खळग्यात साचून राहिलेलं. मावशींनी अंघोळ घातलीच नाही, म्हणाल्या आधी दवाखाना. पहिल्या ठिकाणी गॅस झालाय म्हणून थेंब दिले. संध्याकाळपर्यंत हातपाय गार पडले, तेव्हा मोठ्या हॉस्पिटलला नेलं. वजन दोन किलो चारशे. सोडियम ११४, पोटॅशियम ८.२. तिथल्या डॉक्टरांनी मॉनिटरकडे बघत बघतच विचारलं, घरात आधी असं कुठलं बाळ गेलंय का.

मी नाही म्हणणार होते. माझ्या सासूबाई म्हणजे माझी सख्खी आत्याच, आमच्याकडे आत्याच्या घरी मुलगी देतात हे इचलकरंजी-सांगलीकडच्यांना सांगायला नको. आत्या बाहेर बाकावर बसलेली, ती उठून आत आली आणि म्हणाली, माझा पहिला मुलगा सतराव्या दिवशी गेला, ८३ साली, असाच, दूध टाकून टाकून. दृष्ट लागली म्हणाले होते. पस्तीस वर्षांत हे तिनं कुणापाशी काढलं नव्हतं, ह्यांना पण माहीत नव्हतं की आपल्याला एक मोठा भाऊ होता.

डॉक्टरांनी रक्ताची एक ट्यूब बाजूला काढली आणि रिपोर्टची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन आणि सलाईन सुरू केलं. त्या ट्यूबचा रिपोर्ट चार दिवसांनी आला. १७-ओएचपी २०० च्या वर, म्हणजे मशीनची मोजायची मर्यादा संपली. आजाराचं नाव कंजेनायटल अ‍ॅड्रिनल हायपरप्लेजिया, सगळे सीएएच म्हणतात. किडनीच्या वर ज्या दोन छोट्या ग्रंथी असतात त्यांना एक एन्झाइम बनवता येत नाही, त्यामुळे अंगातलं मीठ शूवाटे निघून जातं. म्हणून ते ओले लंगोट.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी लिहायला बसलेय. डिस्चार्जच्या वेळी आम्हाला एक फॉर्म दिला होता, न्यूबॉर्न स्क्रीनिंग हवं की नको. ह्यांनी विचारलं ते काय असतं, काउंटरवरची मुलगी म्हणाली ऑप्शनल आहे, बाळ चांगलं असेल तर लागत नाही. आम्ही नको वर टिक केली. टाचेतून चार थेंब रक्त, एवढीच टेस्ट होती ती. त्या दिवशी हो म्हटलं असतं तर बारशाच्या आधी फोन आला असता.

माझ्या नणंदेला पुढच्या महिन्यातली तारीख आहे. ती पण ह्याच घरातली, म्हणून आम्ही सगळे धास्तावलोय. टेस्ट नेमकी कधी करायची, कुठली मागायची, रिपोर्ट कसा वाचायचा, जाणकारांनी सांगा. आणि आम्ही दुसऱ्या बाळाचा विचार करतोय, त्याबद्दलही.

पाऊसवेडी
बाप रे. तेल उभं राहतंय हे वाचून अंगावर काटा आला. त्या मालिशवाल्या मावशींना माझा नमस्कार सांगा. वाचनखूण साठवली आहे.

बालडॉक_कोल्हापूर
आरवची आई, तुम्ही फार मोलाचं लिहिलंय. मी बालरोगतज्ज्ञ आहे, जमेल तसं सोपं करून सांगतो.

आपल्याकडे ऊस माहीत नाही असं कोणी नाही तर तसंच समजा. साखर कारखान्यात रांगेनं मशिनं असतात. अ‍ॅड्रिनल ग्रंथीत पण तसंच, कोलेस्टेरॉल आत जातं आणि टप्प्याटप्प्यानं त्याचं कॉर्टिसॉल (आजारपणात, ताणात शरीर सांभाळणारं हार्मोन) आणि अल्डोस्टेरॉन (अंगात मीठ धरून ठेवणारं हार्मोन) होतं. यातलं २१-हायड्रॉक्सिलेज नावाचं मशीन जन्मतः बंद असेल तर पुढे साखर निघत नाही आणि बंद मशीनच्या अलीकडे गाड्या तुंबतात. त्या तुंबलेल्या गाड्या म्हणजे १७-ओएचपी. वर मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी बघते की कॉर्टिसॉल येत नाहीये, ती सारखे निरोप पाठवते अजून ऊस घ्या, अजून घ्या (हा निरोप म्हणजे एसीटीएच), त्यामुळे ग्रंथी फुगते, गर्दी अजून वाढते आणि जागा नाही म्हणून गाड्या शेजारच्या रस्त्याला वळतात, तो रस्ता पुरुषी हार्मोनचा. म्हणून मुलींमध्ये जन्मताच बाहेरच्या अवयवांत फरक दिसू शकतो. मुलग्यांमध्ये बाहेरून सहसा काही लक्षात येत नाही. आणि म्हणूनच मुलगे हातातून निसटतात, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट्या, वजन घटणं, सुस्ती, आणि घरचे म्हणतात पोट बिघडलं असेल, जुलाब झाले असतील. सीएएचच्या दहातल्या नऊहून जास्त केसेस याच एका एन्झाइमच्या असतात.

टेस्टचं सांगतो. जन्मानंतर २४ तास उलटल्याशिवाय घेऊ नका कारण जन्माच्या धावपळीत १७-ओएचपी प्रत्येकच बाळाचं वाढलेलं असतं. ४८ ते ७२ तास सगळ्यात चांगलं. मागताना नुसतं न्यूबॉर्न स्क्रीनिंग म्हणू नका, पॅनेल लहान-मोठी असतात, त्यात थायरॉइडची टीएसएच आणि १७-ओएचपी आहे का हे विचारून घ्या.

नणंदबाईंच्या बाळाला मात्र टाचेच्या टेस्टवर सोडू नका. घरात केस असल्यामुळे दोन-तीन दिवसांचं झाल्यावर शिरेतलं रक्त घेऊन १७-ओएचपी करायचं, आणि पुढचे दोन-तीन आठवडे वजन आणि सोडियम-पोटॅशियमवर लक्ष. त्यांच्या डॉक्टरांना आत्ताच, बाळंतपणाच्या आधी, आरवची फाइल दाखवून ठेवा. आणि सगळ्यांसाठी सांगतो, बाळ सुस्त असेल, वजन घटत असेल तर रिपोर्ट यायचाय म्हणून थांबायचं नाही. सोडियम-पोटॅशियम तासाभरात कळतं आणि तालुक्याच्या गावीही होतं.

निनाद७७
एक विचारतो, राग मानू नका. प्रत्येक धडधाकट बाळाला टोचायचं, पन्नास टेस्टचं पॅकेज आईबापाच्या गळ्यात मारायचं, यात लॅबवाल्यांचंच भलं नाही का होत? हजारात एखाद्याला होणारा आजारही नाही हा. माझ्या दोन्ही मुलांना काही केलं नव्हतं, दोघंही ठणठणीत आहेत.

बालडॉक_कोल्हापूर
निनाद, प्रश्न बरोबर आहे आणि पन्नास-शंभर आजारांच्या पॅकेजबद्दल मलाही शंका असते. पण या एका टेस्टचा हिशोब वेगळा आहे. आयसीएमआरने (केंद्र सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद) दिल्ली, मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकाता अशा पाच ठिकाणी एक लाखाहून जास्त नवजात बाळं तपासली, २०१८ मध्ये ते छापून आलं, त्यात साधारण ५,७६२ बाळांमागे एक सीएएचचं निघालं. बाहेर १०,००० ते २०,००० मागे एक असा आकडा सांगतात. आपल्याकडे जिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर वर्षाला किती बाळंतपणं होतात ते बघा, म्हणजे हा आजार तुमच्या माझ्या जिल्ह्यात दर वर्षी असतोच, फक्त नाव न लागता जातो. आणि असा आजार की वेळेत कळला तर गोळ्यांवर आयुष्यभर चालतो, नाही कळला तर तीन आठवड्यांत बाळ जाऊ शकतं. पन्नास टेस्ट नका करू, पण थायरॉइड आणि ही, या दोन सोडू नका.

आरवचीआई
निनाद दादा, राग नाही. आम्ही पण अगदी हाच विचार करून नको वर टिक केली होती.

निनाद७७
ताई, पटलं. दोन टेस्टचं मला माहीत नव्हतं, मी सरसकट बोललो. बहिणीला हा धागा पाठवतोय.

लॅबवाला_सातारा
मी पंधरा वर्षं लॅबमध्ये आहे, बाहेरून आलेली कार्डं आमच्या टेबलावर येतात, म्हणून जे कुणी सांगत नाही ते सांगतो. त्या जाड फिल्टर पेपरवर गोल छापलेले असतात. टाच आधी कोमट फडक्यानं गरम करायची, टाचेच्या कडेला टोचायचं, मधोमध नाही. पहिला थेंब पुसून टाकायचा. मग एक मोठा थेंब आपोआप जमू द्यायचा आणि कागद नुसता टेकवायचा की तो थेंब पलीकडच्या बाजूपर्यंत झिरपला पाहिजे. होतं काय तर रक्त येत नाही म्हणून टाच पिळतात, दाबून दाबून काढतात, किंवा एकाच गोलावर थेंबावर थेंब ठेवतात. मग त्या गोलातून आम्ही जी टिकली पंच करतो तिच्यात कुठे रक्त जास्त कुठे कमी, आकडा चुकणारच.

दुसरं वाळवणं. तीन-चार तास आडवं ठेवून सावलीत. उन्हात नाही, पंख्याखाली हेअर ड्रायर लावून तर अजिबात नाही, मी तेही बघितलंय. ओलं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून कुरियरला दिलं की पावसाळ्यात आमच्याकडे बुरशी लागलेलं येतं. आणि बऱ्याच ठिकाणी दहा-बारा कार्डं जमली की मग एकदम पाठवतात, म्हणजे पहिल्या बाळाचं रक्त आठवडाभर तिथेच पडून. आरवच्या आईचं वाचून कळेल की या आजारात आठवडा म्हणजे काय.

तिसरं, कार्डावर जन्माची वेळ, रक्त घेतल्याची वेळ, वजन आणि किती आठवड्यांचं बाळ, हे भरलेलंच नसतं. वजन आणि आठवडे कळल्याशिवाय १७-ओएचपीचा आकडा वाचता येत नाही, मर्यादाच त्यावर ठरते. म्हणून कार्ड आपल्यासमोर भरून घ्या आणि स्वतःचा मोबाइल नंबर एक-एक आकडा वाचून बघा. नंबर चुकल्यामुळे पॉझिटिव्ह बाळाच्या घरचे सापडेनात, शेवटी आशाताईंना गावात पाठवावं लागलं, असं आमच्याकडे घडलेलं आहे. सापडलं बाळ, पण दोन दिवस गेले.

श्रिया_ठाणे
माझी दुसरी बाजू सांगते कारण या टेस्टने आम्ही एकवीस दिवस जळलो. जुळी, ३२ आठवड्यांची, दोघं एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग). स्क्रीनिंगमध्ये धाकट्याचं १७-ओएचपी खूप वाढलेलं आलं. रात्री दोन वाजता नेटवर वाचत बसायचे आणि सकाळी पंपिंग करताना दूध यायचं नाही, इतकी भीती. परत केलं, थोडं कमी पण तरी वाढलेलंच. सोडियम-पोटॅशियम रोज व्यवस्थित येत होतं तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. शेवटी त्यांनी मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या, म्हणजे जास्त अचूक मोजणाऱ्या पद्धतीनं करून घेतलं त्यात नॉर्मल आलं. आता दोघं चार वर्षांचे आहेत आणि घर डोक्यावर घेतात.

मला नंतर एकानं समजावलं की अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या अ‍ॅड्रिनल कच्च्या असतात, त्यांच्यात दुसरेच काही स्टेरॉइड्स फिरत असतात आणि नेहमीची टेस्ट त्यांनाच १७-ओएचपी समजून मोजते. हे कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून लिहिते, पॉझिटिव्ह स्क्रीनिंग म्हणजे आजार नाही. पण सोडूनही द्यायचं नाही, त्याच दिवशी दुसरं सॅम्पल.

बालडॉक_कोल्हापूर
श्रियाताई, अगदी बरोबर. स्क्रीनिंगची चाळणी मुद्दाम बारीक ठेवलेली असते, एकही खरं बाळ सुटू नये म्हणून, त्यामुळे तिच्यात अडकणाऱ्यांतली बहुतेक बाळं निरोगी निघतात, त्यात अपुऱ्या दिवसांची जास्त. एक भर घालतो, अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणात आईला आधी स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, त्यानं बाळाचा आकडा उलट कमीही दिसू शकतो. म्हणून या बाळांची टेस्ट दोन आठवड्यांनी परत करणं चांगलं.

मांडवीकाठ
गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे २००८ मध्ये सरकारनंच सरकारी दवाखान्यांत बाळांचं स्क्रीनिंग सुरू केलं होतं, त्यातच माझ्या पुतणीची टाच टोचली होती. वहिनी ओरडली होती एवढ्याशा जिवाला कशाला टोचता म्हणून. आज हा धागा तिला वाचून दाखवला. गप्प बसून ऐकलं तिनं. केरळातही सरकारी योजनेत थायरॉइडबरोबर ही टेस्ट आहे. महाराष्ट्रात सगळ्या सरकारी प्रसूतिगृहांत ती झाली पाहिजे यासाठी कुणी काही करतंय का? असेल तर मी सही करायला तयार आहे.

एडिसनकर
न्यू जर्सी. इथे मुलगी झाली तेव्हा आम्हाला कुणी विचारलंच नाही, अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत सीएएचची टेस्ट होतेच. १९७७ साली अलास्कात पहिल्यांदा हे स्क्रीनिंग करून बघितलं कारण तिथल्या युपिक लोकांत हा आजार फार होता, मग हळूहळू सगळीकडे आलं. पण परदेशात सगळीकडे असतं असं धरून चालू नका हं. माझा भाऊ लंडनजवळ असतो, तिथे पाचव्या दिवशी टाचेचं रक्त घेतात पण त्यात सीएएच नाही. तिकडच्या मराठी मंडळींना हे माहीत नसतं, त्यांना वाटतं झाली टेस्ट. घरात कुणाला असेल तर तिथे आपणहून सांगावं लागेल.

रेवा_रेवा
बाळांचं चाललंय तिथे मी माझं लिहू का कळत नव्हतं, पण टेस्ट तीच आहे. मी ३१ वर्षांची, पुण्यात. सोळाव्या वर्षापासून पाळी अनियमित, हनुवटीवर केस, पिंपल्स, आणि सगळ्यांनी पीसीओएस (बीजकोषांचा, हार्मोन बिघडण्याचा त्रास) म्हणून गोळ्या दिल्या. वजन कमी करा, झालं. मी कॉलेजला जायच्या आधी रोज आरशासमोर दोऱ्यानं हनुवटी साफ करायचे आणि दिवसभर हात तोंडावर ठेवून बोलायचे, अजूनही ती सवय जात नाही. गेल्या वर्षी एका एन्डोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनतज्ज्ञ) बाईंनी एकच टेस्ट लिहून दिली, १७-ओएचपी, आणि अटी घातल्या की पाळीच्या तिसऱ्या ते पाचव्या दिवसात, सकाळी आठच्या आत. मी म्हटलं आठच्या आत लॅब उघडत नाही, त्या म्हणाल्या मग उघडणारी शोधा, हे हार्मोन पहाटे जास्त असतं आणि दिवसभर उतरत जातं, दुपारी केलं तर खोटं नॉर्मल दिसेल. आणि पाळीच्या दुसऱ्या अर्ध्यात केलं तर उगाच वाढलेलं दिसेल.

आलं ४.६. दोनच्या खाली असतं तर विषय संपला असता, दहाच्या वर तर जवळजवळ नक्की, मधलं आलं म्हणून स्टिम्युलेशन टेस्ट. एसीटीएचचं इंजेक्शन देऊन तासाभरानं परत रक्त घेतात. ते इंजेक्शन मिळवणं हेच मोठं काम, बाहेर जे झटपट उतरणारं वापरतात ते इथे सहज मिळत नाही, आपल्याकडचं दुसरं वापरून केलं. तासाभरानं २२. नॉन-क्लासिक सीएएच, म्हणजे मशीन बंद नाही, मंद आहे. मला मीठ जाणं वगैरे काही नाही, जिवाला धोका नाही. पण पंधरा वर्षांनी खरं नाव कळलं तेव्हा मी रिक्षात बसून रडले. पीसीओएसवाल्या मुलींनो, निदान एकदा ही टेस्ट बरोबर दिवशी, बरोबर वेळी करून घ्या, आणि गर्भनिरोधक गोळ्या किंवा स्टेरॉइड चालू असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.

पाऊसवेडी
रेवा, तुला घट्ट मिठी. एक शंका, माझ्या रिपोर्टवर ६ लिहिलंय आणि मी आता घाबरलेय, पण खाली एनमोल पर लिटर असं काहीतरी आहे?

लॅबवाला_सातारा
घाबरू नका, एकक बघा. १ नॅनोग्रॅम प्रति मिलि म्हणजे साधारण ३ नॅनोमोल प्रति लिटर. तुमचे ६ म्हणजे रेवाताईंच्या भाषेत २ च्या आसपास. डॉक्टरांना दाखवाच, पण रेवाताईंच्या ४.६ शी थेट तुलना नको. काही लॅब नॅनोग्रॅम प्रति डेसीलिटरमध्ये देतात, तिथे तोच आकडा २०० दिसतो. एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या मर्यादेशी लावू नका, हे प्रत्येकानं लक्षात ठेवा.

मुलीचीआई
नाव बदलून लिहितेय. माझी मुलगी जन्मली तेव्हा लेबर रूममध्ये सगळे एकदम शांत झाले. मी विचारलं काय झालं, मुलगा की मुलगी, नर्सबाई म्हणाल्या डॉक्टर सांगतील. डॉक्टर खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, बाळ व्यवस्थित आहे, बाहेरून बघून मी आत्ता सांगणार नाही, तीन-चार दिवस द्या, तोपर्यंत कुणालाही काहीही सांगू नका, फक्त बाळ झालं म्हणा. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही, कारण कितीतरी ठिकाणी अंदाजानं मुलगा म्हणून लिहून टाकतात आणि मग आयुष्यभर निस्तरायचं. १७-ओएचपी, सोडियम-पोटॅशियम, क्रोमोझोमची तपासणी, सोनोग्राफी. गर्भाशय दिसलं, क्रोमोझोम एक्सएक्स, १७-ओएचपी भरमसाट. मुलगी. चौथ्या दिवशी पेढे नाही, बर्फी वाटली.

नातेवाईकांनी खूप छळलं, फोटो पाठवा, नाव काय ठेवणार, कुणी तर दवाखान्यात येऊन दुपटं बाजूला करून बघू लागलं. माझ्या आईनं त्या बाईचा हात धरून तिला बाहेर काढलं. आता ती पाचवीत आहे, कबड्डी खेळते, दिवसातून तीन वेळा गोळी स्वतः मागून घेते. ऑपरेशनची घाई करू नका असं आम्हाला सांगितलं गेलं, आम्ही थांबलोय, तिला कळायला लागल्यावर तिच्याशी बोलून ठरवू. हे इथे लिहिलं कारण अशा बाळाची आई आज रात्री कुठेतरी हे शोधत असेल.

आरवचीआई
मुलीच्या आई, मी तुमचं तीनदा वाचलं. आमच्याकडेही दिवसातून तीनदा, सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. तान्हा होता तेव्हा १० मिलिग्रॅमच्या गोळीचे ब्लेडनं चार तुकडे करायचे, एक तुकडा दोन चमच्यांत चुरायचा, वाटीत थोडं अंगावरचं दूध काढून त्यात. तुकडे कधी सारखे व्हायचेच नाहीत, मी रडकुंडीला यायचे, मग एका भल्या केमिस्टनं मोजून पुड्या बांधून दिल्या. शिवाय मीठ. पाण्यात विरघळवलेलं मोजून मीठ, सिरिंजनं थोडं थोडं. आत्या ते मीठ भरताना दर वेळी देवाचं नाव घ्यायची. ताप आला की डोस वाढवायचा, उलटी झाली आणि गोळी पोटात टिकली नाही तर इंजेक्शन, ते मी आणि हे दोघंही द्यायला शिकलोय. शाळेच्या दप्तरात डॉक्टरांचं पत्र लॅमिनेट करून ठेवलंय.

दुसऱ्या बाळाबद्दल कुणीतरी सांगा ना. सोनोग्राफीवाल्यांनी सांगितलं की गर्भाची अशी कुठलीही टेस्ट आपल्याकडे कायद्यानं बंद आहे.

बालडॉक_कोल्हापूर
नाही, तसं नाही. गर्भलिंगनिदान बंद आहे, आणि ते बंदच असायला हवं. पण त्याच पीसीपीएनडीटी कायद्यात जनुकीय चयापचयाच्या आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात गर्भाची तपासणी करायला परवानगी आहे. लिंग सांगणार नाहीत, आजार आहे की नाही ते सांगतील. आईबाप दोघंही वाहक असतील (म्हणजे जनुकात दोष आहे पण स्वतःला आजार नाही) तर प्रत्येक गर्भारपणात चारात एक शक्यता, आधीचं बाळ आजारी होतं म्हणून पुढचं सुटतं असा काही हिशोब नसतो. साधारण ११-१२ व्या आठवड्यात वारेचा अगदी लहान नमुना घेऊन बघतात.

पण त्यासाठी आधी आरवची आणि तुम्हा दोघांची जीन टेस्ट झालेली हवी, ती गर्भ राहायच्या आधीच करा. एक अडचण सांगून ठेवतो, ज्या जनुकात दोष असतो त्या सीवायपी२१ए२ च्या अगदी शेजारी त्याची हुबेहूब पण निकामी नक्कल असते आणि साधी तपासणी दोघांत गफलत करते. म्हणून हे करणारी लॅब आणि जेनेटिक काउन्सेलर दोन्ही अनुभवी हवेत. नणंदबाई आणि त्यांच्या यजमानांचं वाहक आहेत का हेही याच टेस्टनं कळेल, रक्तातल्या १७-ओएचपीवरून वाहक खात्रीनं ओळखता येत नाही.

आरवचीआई
सोनोग्राफीच्या ठिकाणी ऐकल्यापासून आम्ही तो विषयच बंद करून टाकला होता. धन्यवाद डॉक्टर. हे आत्याला पण समजावून सांगितलं, ती म्हणाली म्हणजे माझ्या पोराला कुणाची दृष्ट नव्हती लागली. मग बराच वेळ देवघरात बसली होती.

तेजू_लातूर
माझे दिवस पुढच्या महिन्यात भरतात. फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेननं लिहून ठेवलं, टीएसएच आणि १७-ओएचपी, कार्डावर वेळ-वजन-नंबर बघून घेणे. एकच विचारायचंय, आमच्याकडे नॉर्मल बाळंतपण झालं की दुसऱ्याच दिवशी सोडतात, ४८ तास होतच नाहीत. मग काय करू?

लॅबवाला_सातारा
२४ तास उलटले असतील तर निघायच्या आधी घ्या, घरी गेल्यावर परत येऊ म्हणणारे येत नाहीत. त्या आधीच सोडत असतील तर तिसऱ्या दिवशीची वेळ तिथेच लिहून घ्या आणि लसीच्या कार्डाला पिन करून ठेवा. रक्त सकाळी द्या म्हणजे वाळून त्याच दिवशी कुरियरला जाईल. शुक्रवार-शनिवार असेल तर कार्ड सोमवारपर्यंत पडून राहणार नाही ना, हे विचारा.

तेजू_लातूर
लिहून घेतलं दादा. सासूबाईंना पण दाखवलं, त्या म्हणाल्या पाचवीच्या आधी उरकून घेऊ.